धुण्याची बादली आणि गोदेतली पाणवेल

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी तीसेक किलोमीटरचा प्रवास करून नाशिकला पोचते. शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण तिला अडवते आणि शहराची तहान मुख्यतः या धरणाच्या पाण्यावर भागते. शहर ओलांडताना वाघाडी, नासर्डी यांसारखे प्रवाह तिला मिळतात. पावसाळा संपला आणि धरणातून आवर्तन सुटलेले नसले, की शहराच्या खालच्या पात्रात वाहणाऱ्या पाण्यात आपण वापरून सोडून दिलेल्या पाण्याचा वाटा फार मोठा असतो. याच दिवसांत पात्रावर पाणवेलींचा हिरवा गालिचा पसरतो. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, यंत्रे लावून पाणवेली काढल्या जातात आणि काही आठवड्यांनी त्या पुन्हा हजर होतात.

असे का होते? आणि घरात आपण वापरत असलेल्या साबण-पावडरीशी, खरकट्याशी या पाणवेलीचा काही संबंध आहे का? ‘पर्यावरणस्नेही वस्तू वापरा’ असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण अशी एखादी निवड केल्याने नदीला नेमका किती फायदा होतो, याचा हिशेब सहसा मांडत नाही. या लेखात तो मांडून पाहू. त्यासाठी आठवीच्या गणितापलीकडे काही लागणार नाही.

पाणवेलीला काय हवे असते?

पाणवेल किंवा जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसाने ती जगभर नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि तिथून देशभर पसरली. फुगीर, स्पंजासारख्या देठांमुळे ती तरंगते. बिया धरण्याची वाट न पाहता ती आडवे धुमारे सोडून नवी रोपे तयार करते. अनुकूल परिस्थितीत रोपांची संख्या सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, एखाद्या बंधाऱ्यात फक्त 10 रोपे उरली. दर दोन आठवड्यांनी दुप्पट या दराने 20 आठवड्यांनी ती किती होतील? दहा वेळा दुप्पट म्हणजे 1024 पट, अर्थात 10,240 रोपे. शिवाय चिखलात पडलेल्या बिया कित्येक वर्षे जिवंत राहतात. पाणवेली काढून नदी कायमची मोकळी का होत नाही, याचे अर्धे उत्तर या गणितात आहे.

उरलेले अर्धे उत्तर पाण्यात आहे. वनस्पतीला वाढायला सूर्यप्रकाश, कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि काही पोषकद्रव्ये लागतात. पोषकद्रव्यांत नत्र आणि स्फुरद ही दोन सर्वांत महत्त्वाची. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एक नियम लोकप्रिय केला: वनस्पतीची वाढ, तिला गरजेच्या मानाने जे द्रव्य सर्वांत कमी मिळते, त्याने ठरते. लहान-मोठ्या फळ्यांच्या पिंपाचे उदाहरण यासाठी देतात. पिंपात पाणी सर्वांत आखूड फळीइतकेच राहते. इतर फळ्या कितीही उंच केल्या तरी उपयोग नसतो.

गोड्या पाण्यात ही आखूड फळी बहुधा स्फुरदाची असते. स्वच्छ नदीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात स्फुरद अगदी अत्यल्प असतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या ‘226 क्रमांकाच्या’ तलावावर 1973 साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण परिणामकारक प्रयोग केला. तलावाच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा टाकून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकले, दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि स्फुरद. काही आठवड्यांतच स्फुरद टाकलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा भाग मात्र जवळजवळ पूर्वीसारखाच राहिला. विमानातून काढलेले या तलावाचे छायाचित्र पुढे धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा ठरले.

एक ग्रॅम स्फुरद किती महाग पडतो?

पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांच्या शरीरात कार्बन, नत्र आणि स्फुरद यांच्या अणूंचे प्रमाण सरासरी 106 : 16 : 1 असते. यावरून हिशेब केला, तर 1 ग्रॅम स्फुरदाच्या जोरावर सुमारे 114 ग्रॅम (कोरड्या वजनाचे) शेवाळ तयार होऊ शकते. हे शेवाळ मरून कुजू लागले, की ते कुजवणाऱ्या जिवाणूंना त्यासाठी सुमारे 142 ग्रॅम प्राणवायू लागतो.

आता पाण्यात प्राणवायू किती असतो, ते पाहू. 25 अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 8 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. म्हणजे 142 ग्रॅम प्राणवायू म्हणजे जवळजवळ 17,750 लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू! चिमूटभर स्फुरद आणि दोन टँकरहून अधिक पाणी असा हा व्यवहार आहे. वाहत्या पाण्यात हवेतून नवा प्राणवायू मिसळत राहतो, म्हणून प्रत्यक्ष परिणाम इतका तीव्र होत नाही. परंतु बंधाऱ्यामागे पाणी साचले, की नदीचे तळे होते आणि हा हिशेब लागू पडू लागतो.

उन्हाळ्यात अडचण दुहेरी होते. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना सुमारे साडेसात. त्याच वेळी जिवाणूंची भूक मात्र वाढते. त्यात पाणवेलीने पृष्ठभाग झाकला, की पाण्यात ऊन शिरत नाही आणि हवाही नीट मिसळत नाही. पाणवेल स्वतः प्राणवायू सोडते खरी, पण तिची पाने पाण्याबाहेर असल्याने तो हवेत जातो, पाण्याला मिळत नाही. मासे मरतात, ते बहुतेक वेळा विषाने नव्हे, तर गुदमरून.

याचा फटका कोणाला बसतो? नाशिकच्या खाली निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यात गाळ साचून पाणथळ जागा तयार झाली आणि हिवाळ्यात तिथे हजारो स्थलांतरित पक्षी उतरू लागले. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणून ओळखले जाणारे हे अभयारण्य जानेवारी 2020 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पाण्यात बुडी मारणाऱ्या आणि पोहणाऱ्या पक्ष्यांना उघडे पाणी लागते. ते पाणवेलीने झाकले गेले, तर दर्जा मिळूनही पक्ष्यांना जागा उरत नाही. नाशिकच्या मोरीतले पाणी अखेर याच दिशेने जाते. वाटेत द्राक्षबागा आणि उसाच्या शेतांतून वाहून आलेली खतेही त्यात मिसळतात.

फेस आणि फॉस्फेट: दोन वेगळे गुन्हेगार

धुण्याच्या पावडरीविषयी बोलताना दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पावडरीत मळ सोडवणारा मुख्य घटक असतो, त्याला पृष्ठक्रियाशील द्रव्य म्हणतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलकट मळाला. फेस याच्यामुळे होतो. 1950 च्या दशकात वापरात असलेली ही द्रव्ये जिवाणूंना सहज पचत नसत. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. 1960 च्या दशकात रेणूची रचना बदलून, फांद्या असलेल्या साखळीऐवजी सरळ साखळी वापरून, जिवाणूंना पचतील अशी द्रव्ये आणली गेली. फेसाचा प्रश्न बराच सुटला.

फॉस्फेटचे काम वेगळे आहे. पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार असले, की पाणी जड होते आणि पावडर वाया जाते. सोडिअम ट्रायपॉलिफॉस्फेट हे रसायन या क्षारांना बांधून ठेवते. ते फेस करत नाही. म्हणून ‘कमी फेस म्हणजे नदीला कमी त्रास’ हे समीकरण चुकीचे आहे. फेस न करणाऱ्या पावडरीतही फॉस्फेट असू शकते आणि खूप फेस करणाऱ्या पावडरीत ते मुळीच नसू शकते. आपल्याकडच्या अनेक स्वस्त पावडरींत क्षार हटवण्यासाठी धुण्याचा सोडाच असतो. सोड्याने पाणवेलीला खत मिळत नाही, हात मात्र खरखरीत होतात. झिओलाइट हा आणखी एक पर्याय आहे. स्वित्झर्लंडने 1986 साली कपडे धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवर बंदी घातली. युरोपीय संघाने 2013 पासून घरगुती पावडरींत त्याचे प्रमाण अगदी थोडे ठेवण्याचे बंधन घातले. तिथले कपडे काही मळके राहिले नाहीत.

इथे एक स्थानिक मुद्दा ध्यानात घ्यावा. धरणाचे पाणी हे मुख्यतः पावसाचे पाणी असल्याने बोअरवेलच्या पाण्यापेक्षा सहसा मृदू असते. मृदू पाण्याला पावडर कमी पुरते. नळाच्या पाण्यात आणि बोअरच्या पाण्यात तेवढीच पावडर टाकणे ही निव्वळ सवय आहे.

मग पावडर बदलली की झाले?

आता मूळ हिशेबाकडे येऊ. समजा, चौघांच्या एका कुटुंबात रोज 50 ग्रॅम पावडर लागते आणि तिच्यात 10 टक्के ट्रायपॉलिफॉस्फेट आहे. म्हणजे 5 ग्रॅम ट्रायपॉलिफॉस्फेट. त्यात वजनाने पाव हिस्सा स्फुरद असतो, म्हणजे सव्वा ग्रॅम. वर्षाला सुमारे साडेचारशे ग्रॅम. वर सांगितलेल्या प्रमाणाने त्यातून पन्नासेक किलो कोरडे शेवाळ पोसले जाऊ शकते. एका घराच्या मानाने हे थोडे नाही.

पण स्फुरद पावडरीतूनच जातो असे नाही. आपण अन्नातून स्फुरद घेतो आणि जवळजवळ तेवढाच मलमूत्रावाटे बाहेर टाकतो. त्यातला निम्म्याहून अधिक मूत्रात असतो. माणशी रोज 1 ते दीड ग्रॅम हा सर्वसाधारण आकडा. सरासरी सव्वा ग्रॅम धरला, तर चौघांचे झाले 5 ग्रॅम. म्हणजे आपल्या कल्पित घरातून जाणाऱ्या एकूण सव्वासहा ग्रॅम स्फुरदापैकी पावडरीचा वाटा एक पंचमांश आणि शौचालयाचा चार पंचमांश! पावडरीत फॉस्फेट नसेलच, तर सगळा वाटा शौचालयाचा.

हा निष्कर्ष थोडा अडचणीचा आहे, म्हणूनच तो विद्यार्थ्यांपुढे मांडला पाहिजे. दुकानातून वेगळे पाकीट आणून आपण एक पंचमांश प्रश्न सोडवतो. उरलेला चार पंचमांश कोणत्याही पाकिटाने सुटत नाही. त्यासाठी प्रत्येक घराचे सांडपाणी गटारवाहिनीला जोडलेले हवे, वाहिनी नाल्यात न फुटता मलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचायला हवी आणि केंद्राने ते नीट शुद्ध करायला हवे.

नाशिकमध्ये तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा ठिकाणी मलशुद्धीकरण केंद्रे आहेत. अशी केंद्रे मुख्यतः सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधली जातात. ही घाण मोजण्याचे माप म्हणजे ‘जैविक प्राणवायू मागणी’, म्हणजे एक लिटर पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना ठराविक मुदतीत किती मिलिग्रॅम प्राणवायू लागतो तो आकडा. नेहमीच्या जैविक पद्धतीने ही मागणी पुष्कळ उतरते. स्फुरद मात्र थोडाच निघतो. तो काढायचा, तर तुरटीसारखी रसायने वापरून किंवा खास जिवाणूंच्या मदतीने वेगळा टप्पा जोडावा लागतो. म्हणून केंद्रातून बाहेर पडणारे पाणी दिसायला स्वच्छ, वासरहित असूनही पाणवेलीसाठी उत्तम खत असू शकते. अमेरिकेत सिॲटल शहराजवळच्या वॉशिंग्टन तलावात शुद्ध केलेले सांडपाणी सोडले जात होते, तरीही तलाव शेवाळाने गढूळ झाला. 1963 ते 1968 या काळात ते पाणी तलावाऐवजी अन्यत्र वळवले गेले आणि काही वर्षांतच तलाव नितळ झाला.

आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष असे आहेत: लिटरमध्ये किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू आणि जैविक प्राणवायू मागणी जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम. सिंहस्थात लाखो लोक ज्या पाण्यात डुबकी घेतात, त्या पाण्याला हे आकडे लावून पाहिले पाहिजेत. गोदावरीच्या प्रदूषणाबद्दल 2012 साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. नदी हा केवळ श्रद्धेचा विषय नसून मोजमापाचाही विषय आहे, हे तिने शहराला जाणवून दिले.

घरातल्या घरात: वजनदार आणि हलक्या निवडी

मोठे काम सार्वजनिक आहे, म्हणून घरातले सोडून द्यावे असे मुळीच नाही. मात्र कोणती निवड वजनदार आणि कोणती हलकी, हे ओळखावे.

खरकटे ही वजनदार बाब आहे. एक लिटर दूध कुजायला सुमारे 100 ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे 200 मिलिलिटरचा एक पेला दूध मोरीत ओतले, तर 20 ग्रॅम, अर्थात सुमारे 2500 लिटर पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. तेलाचे तर विचारूच नका, एक ग्रॅम तेलाला जवळजवळ तीन ग्रॅम प्राणवायू लागतो. कढईत उरलेले तळणीचे तेल मोरीत न ओतता कागदाने पुसून घेणे, ताटे घासण्यापूर्वी खरकटे ओल्या कचऱ्यात काढणे, उरलेले ताक किंवा वरण झाडाच्या बुंध्याशी ओतणे या बिनखर्ची सवयी महागड्या ‘हिरव्या’ पाकिटापेक्षा अधिक काम करतात. निर्माल्याला हाच न्याय लावावा. फुले पाण्यात कुजली तर प्राणवायू खातात, खड्ड्यात कुजली तर खत देतात. पूजेतल्या दुधाचा नैवेद्य नदीत न सोडता कोणा मुलाच्या मुखी पडला, तर देव रागावणार नाही आणि मासेही वाचतील.

पावडर मोजून घेणे ही दुसरी निवड. जी सोडली नाही, ती शुद्ध करावी लागत नाही. खरेदी करताना पाकिटावर घटक वाचावेत. भारत सरकारने 1991 साली मातीच्या घटाचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना सुरू केली. 2024 मध्ये तिच्या जागी नवे नियम आले. असे अधिकृत चिन्ह आणि पाकिटावर नुसते छापलेले हिरवे पान यांतला फरक विद्यार्थ्यांना दाखवावा.

‘नैसर्गिक’ या शब्दाचीही तपासणी हवी. रिठे आणि शिकेकाई चांगलीच आहेत, पण त्यांतला फेस करणारा सॅपोनिन हा पदार्थ माशांना घातक असतो. सह्याद्रीत मासे गुंगवण्यासाठी सॅपोनिन असलेली गेळ्याची फळे पाण्यात टाकण्याची जुनी रीत आहे. तेव्हा रिठ्याचे पाणीही थेट ओढ्यात सोडू नये. ते बागेत जाऊ द्यावे. एखादी वस्तू निसर्गातून आली एवढ्याने निर्दोष ठरत नाही. ती किती आणि कुठे जाते, हे महत्त्वाचे.

नदीतून काढलेल्या पाणवेलीचेही तसेच. तिच्या वजनात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. ती काढून काठावरच टाकली, तर कुजून तिच्यातले नत्र-स्फुरद पहिल्या पावसात परत पात्रात येतात. ती दूर नेऊन खत केले, तर तेवढा स्फुरद खरोखरच नदीबाहेर गेला. पाणवेल ही नदीतून स्फुरद गोळा करणारी फुकटची यंत्रणा आहे. फक्त गोळा केलेला माल उचलायला हवा.

शाळेत करण्यासारखे

1. *साबणाची चाचणी:* नळाचे, विहिरीचे आणि बोअरचे पाणी प्रत्येकी 50 मिलिलिटर घ्यावे. आंघोळीच्या साबणाचे द्रावण थेंब थेंब टाकून बाटली हलवावी. दोन मिनिटे टिकणारा फेस यायला किती थेंब लागतात, ते मोजावे. थेंब जास्त, तितके पाणी जड. धुण्याची पावडर या प्रयोगाला चालणार नाही. का, ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

2. *निळा रंग कधी जातो?* नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे पाणी सारख्या बाटल्यांत काठोकाठ भरून मेथिलिन ब्ल्यूचे सारखे थेंब टाकावेत. बुचे घट्ट लावून बाटल्या अंधारात ठेवाव्यात. प्राणवायू संपला, की रंग उडतो. ज्या बाटलीतला रंग आधी उडेल, तिच्यातली सेंद्रिय घाण जास्त. नमुने शिक्षकांनी हातमोजे घालून घ्यावेत.

3. *हिरव्या टिकल्या:* डबक्यांत तरंगणारी, टिकलीएवढ्या पानांची वनस्पती सर्वत्र मिळते. एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी पाच बरण्यांत एक एक लिटर घ्यावे. पहिल्या बरणीत काहीच टाकू नये. पुढच्या चार बरण्यांत अनुक्रमे युरिया, सुपर फॉस्फेट, ही दोन्ही आणि धुण्याची पावडर यांचे गव्हाच्या दाण्याएवढे प्रमाण टाकावे. प्रत्येकीत दहा पाने सोडून दर तिसऱ्या दिवशी मोजावीत आणि तीन आठवड्यांचा आलेख काढावा. पावडरीच्या बरणीत वाढ होण्याऐवजी पाने मेलीच, तर त्याचीही चर्चा करावी. या प्रयोगासाठी पाणवेल मात्र वापरू नये आणि उरलेल्या वनस्पती ओढ्यात न टाकता उन्हात वाळवून खड्ड्यात पुराव्यात.

4. *आपल्या मोरीचा नकाशा:* प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरचे सांडपाणी कुठे जाते, ते शोधून लिहावे: शोषखड्ड्यात, उघड्या नाल्यात की वाहिनीतून केंद्रात? वर्गातली सर्व उत्तरे एका नकाशावर मांडावीत. ज्या ठिकाणी ‘नाला’ असे उत्तर येईल, ती ठिकाणे पत्राने नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवावीत.

पहिले तीन प्रयोग विज्ञानाच्या तासाला होतील. चौथा करायला वेळ लागेल आणि उत्तरही लवकर येणार नाही. तरीही चार पंचमांश स्फुरद ज्या वाटेने जातो, ती वाट याच नकाशावर दिसेल. म्हणून सुरुवात चौथ्यापासून केली तरी चालेल.